युरोपच्या इतिहासातले खरे पण फारसे कोणाला माहीत नसलेले किस्से सुचवाल का?

वाचनवेडी_फोंडा
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी मुलांना इतिहासातल्या गोष्टी सांगते, सहावी ते नववीची पंधरा-वीस मुलं असतात, पावसाळ्यात जरा जास्तच कारण बाहेर खेळायला मिळत नाही. आतापर्यंत शिवकाल, कदंब, सातवाहन असं झालं, आता मुलंच म्हणतात युरोपचं काहीतरी सांगा. तर मागच्या महिन्यात मी फ्रान्सच्या राणीची गोष्ट सांगितली, मारी आंत्वानेत, लोकांना पाव मिळत नाही तर केक खा म्हणाली ती. सगळ्यांना आवडली. नंतर खुर्च्या लावताना आठवीतला एक मुलगा जवळ आला आणि विचारतो, "टीचर, हे ती बोलली तेव्हा ऐकलं कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं तर कळलं की हे वाक्य फ्रेंच लेखक रूसोने आपल्या आत्मचरित्रात कुठल्यातरी 'मोठ्या राजकन्ये'च्या तोंडी घातलंय, नाव न देता, आणि त्याने ते लिहिलं तेव्हा मारी आंत्वानेत जेमतेम दहा वर्षांची होती, ऑस्ट्रियात, फ्रान्सला ती आली 1770 मध्ये. म्हणजे मी मुलांना खोटं सांगितलं. मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं, मुलं आपल्या शब्दावर विश्वास ठेवतात हो. ह्या रविवारी आधी ती चूक मुलांसमोर सुधारणार आहे आणि मग नवीन गोष्ट घेणार आहे.
म्हणून विचारते, लढाया आणि तह नकोत, ते शाळेत आहेतच. असे प्रसंग हवेत जे पक्के खरे आहेत आणि मुलांना डोळ्यासमोर दिसतील. आपल्या गोव्याशी धागा जुळत असेल तर फारच छान.

जुनी_पाने
ताई, तुम्ही चूक सुधारणार म्हणालात तेच मला सगळ्यात आवडलं. तुमच्यासाठी माझ्याकडे एकच गोष्ट आहे पण ती मी कितीही वेळा सांगू शकतो, गेंड्याची.
1514 साल. आफोंसो द आल्बुकर्क गोव्यात गव्हर्नर, त्याला दीवला किल्ला बांधायचा होता म्हणून त्याने गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा ह्याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला साफ नकार दिला पण रिकाम्या हाताने कसं परत पाठवायचं म्हणून नजराणा दिला, त्यात एक जिवंत गेंडा. तो आला गोव्यात. आता गेंडा ठेवायचा कुठे आणि त्याचं करायचं काय, आल्बुकर्कने त्याला पुढे लिस्बनला मानुएल राजाकडे पाठवून दिलं. 1515 च्या जानेवारीत जहाज गोव्याहून निघालं, 'नॉसा सेन्योरा द आजुदा' नाव त्याचं, मोझांबिक, सेंट हेलेना, असोर्स बेटं असं करत 20 मे ला लिस्बनला लागलं. चार महिने लाकडी जहाजावर एक गेंडा! कल्पना करा, वादळात तो घसरला तर काय होत असेल.
त्याच्याबरोबर त्याचा सांभाळ करणारा माणूसही गेला होता, पोर्तुगीज कागदात त्याचं नाव ओसेम असं लिहिलंय. राजांची नावं सगळ्यांना माहीत असतात, पण त्या जनावराला चार महिने जिवंत ठेवलं ते ह्या माणसाने, म्हणून मुलांना हे नाव आवर्जून सांगा.
रोमन काळानंतर युरोपात कोणी जिवंत गेंडा बघितलेलाच नव्हता, हजार वर्षं झाली होती. जुन्या रोमन ग्रंथात लिहिलं होतं की हत्ती आणि गेंडा एकमेकांचे हाडवैरी, तर ते खरं का बघायला 3 जूनला राजाने दोघांना समोरासमोर उभं केलं. राजाच्या हत्तींमधलं ते एक लहान पिल्लू होतं, ते गेंडा बघताच पळून गेलं. लढाई झालीच नाही.
मग डिसेंबरमध्ये राजाने गेंडा पोपला भेट म्हणून पाठवायचं ठरवलं, पोप लिओ दहावा. गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा, त्यावर फुलं. वाटेत मार्सेयजवळच्या बेटावर थांबले तेव्हा फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला मुद्दाम बघायला आला, 24 जानेवारी 1516. आणि पुढे इटलीच्या किनाऱ्यावर वादळात जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं हो, चांगलं पोहतो, पण ह्याचे पाय साखळदंडाने डेकला बांधलेले. तो तसाच बुडाला.
आणि ज्याने हे सगळं सुरू केलं तो आल्बुकर्क? 16 डिसेंबर 1515 ला जहाजावरच मेला, गोवा समोर दिसत असताना. गेंडा रोमच्या वाटेला लागला तोच महिना. दीवचा किल्ला शेवटी बांधला गेला तो 1535 मध्ये, दुसऱ्याच गव्हर्नरच्या काळात.

डिचोलीकर
वा सर, क्या बात है. ह्यात एक जोडतो, पोपकडे आधीच एक हत्ती होता, तो पण मानुएलनेच दिलेला, आणि तो पण आपल्या बाजूचाच, कोचीनहून गेलेला. हान्नो नाव. 12 मार्च 1514 ला रोमच्या रस्त्यातून मिरवणूक निघाली, पोपसमोर येऊन हत्ती तीनदा गुडघ्यावर बसला आणि सोंडेत पाणी भरून सगळ्यांच्या अंगावर उडवलं, पोपच्या पण. लिओचा फार जीव त्याच्यावर. दोन वर्षांनी हत्ती आजारी पडला तर वैद्यांनी त्याला सोनं घातलेलं जुलाबाचं औषध दिलं आणि त्यातच तो गेला, 8 जून 1516. म्हणजे गेंडा बुडाला त्याच वर्षी. राफाएलने त्याचं चित्र काढलं होतं, ते आता राहिलं नाही. पण 1962 मध्ये व्हॅटिकनमध्ये खोदकाम करताना हाडं सापडली ती ह्याचीच.

रंगरेषा
मी चित्रकला शिकवते म्हणून गेंड्याचा दुसरा अर्धा भाग मी सांगते, मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे.
लिस्बनला गेंडा उतरल्यावर तिथून कोणीतरी जर्मनीत पत्र पाठवलं, सोबत एक कच्चं रेखाटन. ते न्यूर्नबर्गला आल्ब्रेख्त ड्यूरर नावाच्या चित्रकाराच्या हातात पडलं. ड्यूररने गेंडा कधीच बघितला नाही, आयुष्यात नाही, पण तेवढ्यावरून त्याने लाकडी ठसा तयार करून घेतला आणि चित्र छापलं, 1515 मध्येच. तुम्ही ते मोबाईलवर मोठं करून बघा. अंगावर चिलखताच्या पत्र्यासारख्या ढाली, कडेला जणू खिळे ठोकलेत, पायांवर खवले. आणि मानेच्या मागे, पाठीवर, एक छोटंसं पिळाचं शिंग! असं शिंग कुठल्याच गेंड्याला नसतं. वरती मजकूर आहे त्यात साल पण चुकलंय, 1513 छापलंय.
त्याच वर्षी आउग्सबुर्गला हान्स बुर्कमायरने पण ह्याच गेंड्याचं चित्र छापलं. ते जास्त खरं आहे, ते जादा शिंग नाही आणि पुढचे पाय दोरखंडाने बांधलेले दाखवलेत. पण लोकांनी उचललं ते ड्यूररचं. पुढची अडीचशे वर्षं युरोपातल्या प्राण्यांच्या पुस्तकात, भांड्यांवर, इमारतींवर गेंडा म्हणजे ड्यूररचाच, पाठीवरच्या शिंगासकट. मी ह्याला फसवणूक म्हणणार नाही हां. त्याने जे ऐकलं ते जीव लावून काढलं आणि ती रेष इतकी जिवंत आहे की खरा प्राणी समोर येईपर्यंत कोणाला शंका आली नाही.
युरोपभर लोकांनी बघितला असा खरा प्राणी आला तो 1741 मध्ये, क्लारा नावाची मादी. बंगालमध्ये डच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरात पिल्लासारखी वाढलेली, जेवणाच्या खोलीत टेबलांमधून फिरायची म्हणे. एका डच कप्तानाने तिला सतरा वर्षं युरोपभर फिरवलं. पॅरिसला उद्री नावाच्या चित्रकाराने तिचं खऱ्या मापाचं चित्र काढलं, आणि मग कुठे लोकांच्या मनातला ड्यूररचा गेंडा हळूहळू मागे पडला.

वाचनवेडी_फोंडा
बापरे, मला एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. रंगरेषाताई, ड्यूररच्या चित्रावर जो मजकूर आहे म्हणालात त्यात प्राण्याचं वर्णन काय आहे ते सांगाल का? डोक्यात एक कल्पना आली आहे. आणि जुनी_पाने सर, गेंडा गोव्याचा असं मुलांना सांगितलं तर चालेल ना?

रंगरेषा
थोडक्यात असं आहे, ठिपकेदार कासवासारखा रंग, सगळ्या अंगावर जाड खवले, हत्तीएवढा मोठा पण पाय आखूड, नाकाच्या टोकावर बळकट अणकुचीदार शिंग आणि ते तो दगडावर घासून धार लावतो, हत्ती त्याला घाबरतो. चपळ आणि हुशार आहे असंही म्हटलंय.

जुनी_पाने
गोव्याचा नको म्हणू ताई, गोव्याहून गेलेला म्हणा. गेंडा गुजरातच्या सुलतानाचा होता, आपल्याकडे फक्त जहाजात चढला. एवढा फरक ठेवलेला बरा. पण एक गोष्ट आपली नक्की आहे, पोर्तुगीज त्याला जे नाव घ्यायचे ते आपल्या 'गेंडा' शब्दाचंच रूप. आणि लिस्बनला बेलेंचा मनोरा आहे ना, गेंडा आला तेव्हा त्याचं बांधकाम चालू होतं, त्याच्या एका छोट्या बुरुजाखाली दगडात गेंड्याचं डोकं कोरलंय. झिजलंय खूप, पण ओळखू येतं.

म्हापशाचा_कंपाउंडर
मी चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं बांधली, इतिहासाचं शिक्षण नाही, पण एक गोष्ट मला कायम सांगावीशी वाटते ती आज इथे लिहितो. आमची आजी कोणाला जेवण बाधलं, उलटी जुलाब सुरू झाले की म्हणायची मोडशी झाली, मग ओवा आणि सोलांचं पाणी. हा शब्द तुमच्या घरात पण असेलच. पूर्वी मोडशी पटकीलाच, म्हणजे कॉलऱ्याला, म्हणायचे, साधं अजीर्ण नाही.
पणजीला चर्चसमोर जी म्युनिसिपालिटीची बाग आहे ती गार्सिया द ओर्ता ह्याच्या नावाची. हा पोर्तुगीज डॉक्टर, 1534 मध्ये गोव्यात आला आणि परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा पण वैद्य होता, मुंबईचं बेट पोर्तुगालच्या राजाकडनं भाड्याने घेतलेलं ते पण ह्यानेच. त्याने इथल्या औषधांवर पुस्तक लिहिलं, हिंग, आले, कापूर, आंबा, भांग, सगळं, आणि ते 10 एप्रिल 1563 ला गोव्यातच छापलं गेलं. दोन माणसं बोलताहेत असं लिहिलंय, एक स्वतः ओर्ता आणि दुसरा युरोपातनं नवीन आलेला रुआनो, तो सारखा म्हणतो आमच्या जुन्या ग्रंथात असं लिहिलंय आणि ओर्ता म्हणतो मी इथे डोळ्यांनी वेगळं बघितलंय. मध्येच एक पोरगा निरोप घेऊन येतो की अमक्याचा भाऊ आजारी आहे लगेच चला, आणि ती असते पटकी. तिथे ओर्ता लिहितो की इथले लोक ह्याला मोरशी म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज त्याचं बिघडवून मोर्देशी करतो. युरोपातल्या माणसाने ह्या भागातली पटकी बघून नीट लिहिलेली ही अगदी सुरुवातीची नोंद.
आता पुढे बघा. तो मोर्देशी शब्द फ्रेंच लोकांच्या कानावर पडला, त्यांना अर्थ माहीत नाही, मग त्यांनी आपल्या भाषेत जुळवला, मोर द शियें, म्हणजे कुत्र्याचं मरण. दोनशे वर्षं युरोपातले प्रवासी आणि डॉक्टर लिहीत राहिले की हिंदुस्थानात एक भयंकर रोग आहे कुत्र्याचं मरण नावाचा. आणि मुळात शब्द कुठला तर आजीच्या तोंडातली मोडशी.
ओर्ताचं पुढचं पण सांगायला हवं, मोठ्या मुलांना तरी. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधनं हाकलले गेलेले ज्यू, नाइलाजाने ख्रिश्चन झालेले. तो 1568 मध्ये गोव्यात वारला. दुसऱ्या वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून काढून जाळली. पुस्तक मात्र तोपर्यंत निसटलं होतं, 1567 मध्येच क्लुसियस नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला आणि तो सगळ्या युरोपातल्या वैद्यांनी वाचला. मी पणजीला गेलो की त्या बागेत पाच मिनिटं तरी बसतो.

वाचनवेडी_फोंडा
काका, वाचून गप्पच झाले. माझ्या सासूबाई अजून मोडशीच म्हणतात. ही गोष्ट मी घेणारच.

कांदोळी_किनारा
जुनी_पाने सरांच्या गोष्टीत जे मार्सेयजवळचं बेट आलं ना, जिथे फ्रान्सच्या राजाने गेंडा बघितला, ते बेट म्हणजे इफ. ह्याच राजाने नंतर तिथे किल्ला बांधून घेतला, त्याचा पुढे तुरुंग झाला, शातो दिफ. आणि फ्रेंच लेखक ड्युमाने 'द काउंट ऑफ मॉंटे क्रिस्टो' ही कादंबरी लिहिली तेव्हा त्या तुरुंगात एक म्हातारा कैदी ठेवला त्याचं नाव आबे फारिया. कादंबरीतला इटालियन आहे पण नाव घेतलं ते आमच्या गावच्या माणसाचं, जुझे कुस्तोदियु द फारिया, जन्म कांदोळीचा, 31 मे 1756.
पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला पुतळा आहे बघा, एक बाई मागे कोसळतेय आणि वरती हात पसरलेला पाद्री. लहान मुलं घाबरतात त्याला. मडकईच्या रामचंद्र कामतांनी केलेला, 1945 चा. तर हा फारिया 1771 मध्ये वडिलांबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकून पाद्री झाला. असं सांगतात की राणीसमोर प्रवचन करायला उभा राहिला आणि समोर सगळा दरबार बघून जीभच वळेना, तेव्हा वडील खालून कोकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." ही दंतकथा आहे, दंतकथा म्हणूनच सांगा मुलांना, पण गोव्यातल्या प्रत्येक घरात माहीत आहे.
खरं महत्त्वाचं काम त्याचं पॅरिसमधलं. 1813 पासून तो लोकांसमोर माणसांना झोपवून दाखवायचा. त्या काळी सगळे म्हणायचे झोपवणाऱ्याच्या अंगातनं काहीतरी चुंबकीय द्रव वाहतो. फारिया म्हणाला असलं काही नसतं, जे घडतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडतं, मी फक्त सुचवतो. आज संमोहन म्हणजे सूचना असं आपण सहज म्हणतो, ते त्याने तेव्हा सांगितलं. लोकांनी भोंदू ठरवला, नाटकात नक्कल केली, 1819 मध्ये गरिबीत गेला.
एकाच बेटावर आधी गोव्याहून गेलेला गेंडा आणि तीनशे वर्षांनी कादंबरीतून गोव्याच्या माणसाचं नाव. हे मला आजपर्यंत सुचलंच नव्हतं, सरांची पोस्ट वाचताना अंगावर काटा आला.

वास्कोचा_नातू
माझ्या आजोबांनी बघितलेलं एक टाकतो, दुसऱ्या महायुद्धातलं. पोर्तुगाल तटस्थ म्हणून मुरगाव बंदरात जर्मन जहाजं तीन आणि इटालियन एक, युद्धामुळे अडकून पडलेली. त्यातलं एरेनफेल्स नावाचं जहाज चोरून रेडिओवरनं पाणबुड्यांना खबर देतं असा इंग्रजांना संशय. सैन्य पाठवलं तर तटस्थ देशावर हल्ला होतो. म्हणून त्यांनी कलकत्त्याचे कॅलकटा लाइट हॉर्सचे लोक पाठवले, हौशी पलटण, बहुतेक ऑफिसात काम करणारे मध्यमवयीन, एक जुना गाळ काढायचा बार्ज कलकत्त्याहून सगळा देश वळसा घालून आणला आणि त्यातून आले. 9 मार्च 1943 ची रात्र. एरेनफेल्स बुडालं, ते बघून बाकीच्या खलाशांनी आपली जहाजं आपणच पेटवली. आजोबा म्हणायचे खाडी लाल दिसत होती आणि आम्हाला कोणालाच कळेना काय झालंय. जगाला कळलं ते पस्तीसेक वर्षांनी. लढाया नको म्हणालात ताई, पण हे घरातलं आहे म्हणून लिहिलं.

वाचनवेडी_फोंडा
मंडळी, काल रविवार झाला, कसं झालं ते लिहिते. आधी केकची चूक सांगितली. तो आठवीतला मुलगा पहिल्या रांगेत बसलेला, काही बोलला नाही पण बाकीच्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं.
मग गोष्ट न सांगता कागद वाटले आणि रंगरेषाताईंनी दिलेलं वर्णन वाचलं, प्राण्याचं नाव सांगितलं नाही आणि नाकावरचं शिंग शेवटी ठेवलं. ठिपकेदार कासवाचा रंग, अंगावर खवले, हत्तीएवढा, पाय आखूड. एकाने सरळ मोठं कासव काढलं, दोघींनी मगर, सत्तरीकडून आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने खवल्या मांजर काढलं, तिने घरामागच्या कुळागरात खरोखर बघितलेलं. शिंग सांगितलं तेव्हा सगळ्यांनी होतं त्याच चित्रावर शिंग बसवलं, खवल्या मांजराच्या नाकावर पण. मग ड्यूररचं चित्र दाखवलं आणि विचारलं, ह्याने किती चुका केल्यात. पाठीवरचं शिंग सहावीतल्या मुलाने पहिल्यांदा शोधलं. त्यानंतर सगळी गोष्ट सांगितली, जहाज, हत्तीचं पळणं, हिरवा पट्टा, साखळदंड. बुडाला म्हटल्यावर एकदम शांतता, बाहेर पाऊस तेवढा ऐकू येत होता.
आणि मग तोच मुलगा, "टीचर, ओसेम पण बुडाला?" मी म्हटलं त्याच्याबद्दल मला कागदात मिळालेलं तेवढंच सांगितलं बाबा, ह्यापुढचं मी बनवून सांगणार नाही. त्याने मान हलवली. थोड्या वेळाने बघते तर आपल्या कागदावर, शिंगवाल्या मगरीसारख्या त्या प्राण्याच्या शेजारी, हातात गवताची पेंढी घेतलेला माणूस काढत बसला होता.
पुढच्या महिन्यात मोडशी. सासूबाईंना घेऊन जाणार आहे, त्या ओव्याचं पाणी करून दाखवतो म्हणाल्यात. कंपाउंडर काका, त्या रविवारी फोंड्याला यायला जमलं तर फार बरं वाटेल. चित्रं सगळी भिंतीवर लावलीत, कोणी इकडे आलात तर बघून जा, फक्त चवथीच्या सुट्टीत वाचनालय बंद असतं.

म्हापशाचा_कंपाउंडर
येतो बाय. सकाळची बस धरतो. येताना आमच्या परसातला ओवा आणि सोलं घेऊन येतो, बाजारातला ओवा आणू नको.